ऋतुमानाचे उपाहारगृह आणि आपली मुले

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणविषयक चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. शिक्षणविषयक बोलणाऱ्याने वैद्यक, स्थापत्य व स्पर्धापरीक्षा यांची नावे घ्यावी, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे आणि खाली बसावे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविल्यावर आमची या शिरस्त्याविरुद्ध काही तक्रार नाही. तथापि आज आम्ही शिक्षणाची अशी एक वाट आपणांपुढे मांडणार आहोत की, जिचे नाव काढताच निम्म्या घरांतून नाके मुरडली जातील. ती वाट चुलीपाशी जाते.

खालापूर तालुक्यातील आपल्याच एका घरातील मुलाने बारावीनंतर स्वयंपाक शिकण्याचा हट्ट धरला. त्यास ‘शेफ’ व्हावयाचे आहे आणि पुढेमागे इटालियन धर्तीचे, ऋतूप्रमाणे पदार्थ बदलणारे उपाहारगृह कर्जतच्या बाजूस काढावयाचे आहे. आजी म्हणाली, “म्हणजे आचारीच ना रे?” वडिलांनी तर दोन दिवस बोलणे टाकले. अखेर ती मंडळी आमच्याकडे आली. आम्ही उत्तर देण्यास सवड मागून घेतली. मुलाशी बोललो, मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलातील मुदपाकखान्यात काम करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याशी बोललो, आणि या धंद्यातील नामांकितांची चरित्रे मिळतील तेवढी वाचली. हे व्याख्यान त्या चौकशीतून उभे राहिले आहे.

‘शेफ’ हा शब्द फ्रेंच असून त्याचा मूळ अर्थ केवळ ‘प्रमुख’ एवढाच आहे. आजीबाईंचे म्हणणे म्हणून चुकीचे नव्हे. शेफ हा आचारीच, परंतु हाताखाली दहा-वीस माणसे असलेला, खरेदीचा हिशेब ठेवणारा व ताटात काय जाईल त्याची जबाबदारी घेणारा आचारी. आपल्या आजोबांच्या पिढीत अन्नविक्रय हे पाप मानीत. अन्न द्यावे, विकू नये, हा विचार उदात्तच होता. पण त्याच्या आडून दुसऱ्याचे पोट भरून स्वतःचे पोट भरणाऱ्या माणसास हलका लेखण्याची खोड आपणांस लागली, ती मात्र उदात्त नव्हे.

वस्तुतः कर्जतकरांनी तरी या धंद्यास नावे ठेवू नयेत. आपल्या गावाचे नाव मुंबईपासून पुण्यापर्यंत कोणी पोहोचविले? दिवाडकरांच्या वड्याने. 1863 साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. घाटाचा चढ इतका उभा की, गाडीस मागून रेटा देणारी जादा इंजिने कर्जत स्थानकावर जोडावी लागतात. ती जोडीपर्यंत गाडी थांबावयाची, आणि त्या थोड्या मिनिटांत उतारूंनी गरम वडा घ्यावयाचा. यात इंजिनाचा खोळंबा हे निमित्त झाले, पण अनेकांस असे निमित्त मिळते आणि त्यांचे नाव होत नाही. एकच जिन्नस, तो ताजा, आणि गाडी उभी असता हाती पडेल असा. ही दिवाडकरांची खरी विद्या. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पदार्थ, हे सूत्र आपल्या फलाटावर सिद्ध झालेले असता आपण त्यास विद्या म्हणावयास तयार नसतो, याचे आम्हांस नवल वाटते.

आता ही विद्या शिकलेल्या एका माणसाची हकीकत सांगतो. फ्लॉइड कार्डोझ हे गोमंतकीय वंशाचे, 1960 साली मुंबईत जन्मलेले. प्रथम जीवरसायनशास्त्र शिकले. पुढे ते सोडून मुंबईच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेत गेले, तेथून शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला, आणि अखेर न्यूयॉर्कला. तेथील ‘लेस्पिनास’ या नामांकित उपाहारगृहात ग्रे कुन्झ या शेफच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली आणि पायरीपायरीने वर चढले. 1998 साली न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ नावाचे उपाहारगृह निघाले, त्याचे ते शेफ. तेथील भाजीपाला, तेथील मासळी, आणि मसाला आपला, अशी त्यांची रीत. बारा वर्षे चालून 2010 च्या अखेरीस ते बंद पडले. पुढील वर्षी, म्हणजे 2011 साली, अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरील शेफांच्या एका मोठ्या स्पर्धेत हे गृहस्थ पहिले आले. अंतिम फेरीत त्यांनी काय रांधले असेल? उपमा! आपल्या सकाळच्या रव्याचा उपमा. त्यात रानअळंबी, आणि सोबत कोकम व नारळाचे दूध. त्यास त्यांनी ‘उपमा पोलेंता’ असे नाव दिले. पोलेंता म्हणजे उत्तर इटलीतील गरीब शेतकऱ्यांचा मक्याच्या पिठाचा सांजा. परक्या पदार्थाशी आपल्या पदार्थाची सोयरीक जुळविली, आणि दोघांपैकी कोणासही कमीपणा आला नाही.

2015 साली मुंबईत लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारात ‘बॉम्बे कँटीन’ निघाले, त्यात ते भागीदार होते. भारतातील प्रांतोप्रांतीचे पदार्थ आणि ऋतूप्रमाणे बदलणारी यादी, असा त्याचा बेत. 2017 साली त्याच मंडळींनी वांद्रे-कुर्ला संकुलात गोमंतकीय पदार्थांचे ‘ओ पेद्रो’ उघडले. कार्डोझ 25 मार्च 2020 रोजी करोनाच्या साथीत न्यू जर्सी येथे वारले. पहिल्या उमेदवारीपासून मुंबईतल्या या उपाहारगृहापर्यंत पंचवीसहून अधिक वर्षे लागली, हे वडीलधाऱ्यांपेक्षा मुलांनी ध्यानात घ्यावे.

या मुलाच्या तोंडी इटली कोठून आली, असे कोणी विचारील. आम्हीही विचारले. पिझ्झा नावाची भाकरी आता खोपोलीतही मिळते, तेव्हा त्याचेच हे वेड असावे असा आमचा समज होता. चौकशीअंती निराळेच निघाले. लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी 1987 साली रोझ ग्रे व रूथ रॉजर्स या दोन बायांनी ‘रिव्हर कॅफे’ काढले. रोझबाई पूर्वी चित्रकलेच्या शिक्षिका होत्या, आमच्याच पेशातल्या. काही काळ इटलीतील तस्कनी प्रांतात बिऱ्हाड करून राहिल्या आणि तेथील घरगुती रांधणे शिकल्या. रूथबाईंच्या सासूबाई इटलीच्या. दोघींपैकी कोणीही पाकशाळेत शिकलेले नव्हते, आणि आरंभ केला तेव्हा रोझबाईंचे वय अठ्ठेचाळीस होते. प्रारंभी ती जागा म्हणजे रूथबाईंचे यजमान, प्रसिद्ध वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्स यांच्या कचेरीची व शेजाऱ्यापाजाऱ्यांची दुपारच्या जेवणाची खाणावळ होती. पदार्थांची यादी रोज दोनदा नव्याने लिहावयाची, कारण सकाळी बाजारात जे उत्तम आले तेच रांधावयाचे, हा त्यांचा दंडक. त्यांच्या स्वयंपाकघरातून पुढे जेमी ऑलिव्हरसारखे नामवंत बाहेर पडले. रोझबाई 2010 साली निवर्तल्या.

येथेच या विषयाचे मर्म आहे. इटलीचे अनुकरण म्हणजे इटलीहून चीज मागवून कर्जतला विकणे नव्हे. इटालियन मनुष्य आपल्या गावाच्या चार कोसांत त्या महिन्यात जे पिकते त्याचा अभिमान धरतो. तस्कनीत शिळ्या पावाचे, कोबीचे व शेंगदाण्यांचे नव्हे, तर शेंगांतील पांढऱ्या घेवड्याचे सूप करितात, आणि त्यास प्रतिष्ठित उपाहारगृहातही जागा असते. आपल्याकडे शिळ्या भाकरीचा काला आपण दार लावून खातो. पीडमाँट प्रांतात शरदऋतूत रानात कुत्री नेऊन जमिनीखालची पांढरी ट्रफल अळंबी हुडकितात आणि तोळ्यामाशाच्या हिशेबाने विकतात. त्याच प्रांतातील कार्लो पेत्रिनी यांनी 1986 साली, रोम शहरातील जुन्या चौकात अमेरिकन पद्धतीचे झटपट खाण्याचे दुकान निघताना जो विरोध झाला, त्यातून ‘स्लो फूड’ ही चळवळ उभी केली. सावकाश खा, आणि जवळचे खा, असा तिचा थोडक्यात आशय.

आणखी एक साम्य आमच्या शिक्षकी डोळ्यांस दिसले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. पीडमाँट हा भाताचा मुलूख आहे. तेथील वेर्चेल्ली गावी 1908 साली भातसंशोधन केंद्र निघाले. आपल्या कर्जतचे भातसंशोधन केंद्र 1919 सालचे. तेथे पूर्वी गुडघाभर पाण्यात वाकून भाताची बेणणी करणाऱ्या बायकांच्या टोळ्या दुरून येत आणि काम करता करता गात. आपल्याकडे लावणीला काय निराळे असते? त्यांच्या जाड, आखूड दाण्याचा ‘रिझोत्तो’ होतो. तांदूळ लोण्यावर कांद्याबरोबर परतावयाचा आणि गरम रस्सा पळीपळीने घालीत ढवळीत राहावयाचे. पेज दाटून दाण्यास लागली पाहिजे आणि दाणा मात्र दाताखाली टिकला पाहिजे. आमचा विद्यार्थी म्हणतो की, कोलमाचा रिझोत्तो नीट होत नाही, दाणा विरघळतो. आपल्या जाड जाती करून पाहाव्या. ‘कर्जत’ नावाच्या भातजाती आपल्याच गावी निघाल्या, शेतकऱ्याने त्या पेरल्या. पण कोणत्या जातीचा कोणता पदार्थ उत्तम होतो, याची परीक्षा करणारा रांधपी आपल्यातून निघावयास नको काय?

आता आपल्या ऋतूंकडे वळू. हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही, सर्वांच्या जिभेवरचे सांगत आहोत. वळवाचा पाऊस पडून मृग लागण्याच्या सुमारास शेवळे येतात. शेवळ हे सुरणाच्या कुळातले. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून घशाला खाज सुटते. आपल्या बायका त्यावर काकडाची आंबट फळे घालितात. रसायनशास्त्राचे नाव न ऐकता त्यांनी हे रसायन साधले. आणि निसर्गाची सोय अशी की, शेवळ व काकड एकाच वेळी बाजारात येतात. कोणी त्यात कोलंबी घालते, कोणी खिमा, कोणी नुसती डाळ. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, फोडशी, कडवट भारंगी, जी उकडून पाणी टाकावे लागते, बांबूचे कोंब, मग करटोली. पहिल्या पुरात ओढ्यातून शेतात चढणारे वलगणीचे मासे, आणि बांधावरचे खेकडे. दसऱ्याच्या आगेमागे हळवे भात कापणीस येते, मग गरवे. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरावयाचा; वरचे पाणी नाही, जमिनीतली ओल आणि पहाटेचे दव एवढ्यावर तो वाढतो, म्हणूनच त्याच्या बिरड्यास ती गोडी. पौषात कोवळ्या शेंगा भरल्या की पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा. तोंड पाल्यानेच बंद करून मडके उपडे ठेवावे आणि भोवती जाळ करावा. पाण्याचा थेंब नाही. उन्हाळ्यात करवंदे, जांभळे, कच्चा फणस, मोहाची फुले. सहा ऋतूंचे हे पान आपल्यापुढे वाढून ठेवले आहे.

आणि आपण काय करितो? गेल्या आषाढात आपल्याच मंडळाच्या एका कार्यक्रमास कंत्राटदाराने पनीरची भाजी आणि पावभाजी वाढली, तेव्हा सभागृहाच्या फाटकाशी एक ठाकूर बाई करटोलीची पाटी घेऊन भिजत बसली होती. जेवून निघालेल्या एका गृहस्थांनी तिच्याशी पाच रुपयांकरिता घासाघीस केलेली आम्ही पाहिली. नाव सांगत नाही. ते समोरच बसले आहेत.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रानभाजी ओळखणे, कोणती केव्हा खुडावी, कोणत्या कंदास हात लावू नये म्हणजे पुढील वर्षी तो पुन्हा फुटेल, हे ज्ञान आपल्या दोन तालुक्यांत मुख्यतः ठाकूर व कातकरी बांधवांपाशी आहे. उद्या आपल्यातील एखाद्या मुलाने उपाहारगृह काढले आणि शेवळाचा पदार्थ चारशे रुपयांस विकला, तर शेवळ आणून देणाऱ्या बाईस त्यातील किती मिळाले, हा प्रश्न आम्ही त्यास प्रथम विचारू. तिच्याशी हंगामापूर्वी भाव ठरवावा, रोख द्यावा, आणि पदार्थाच्या यादीत तिच्या वाडीचे नाव लिहावे.

धंद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही मुलांची दिशाभूल केली असे होईल. या व्यवसायात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात बसवावा लागतो. उरलेल्यातून पगार, भाडे, गॅस, वीज व नासधूस. आपल्याकडे गिऱ्हाईक शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येते, आणि मंगळवारी टेबले रिकामी. धबधब्यांवर बंदीचा हुकूम निघाला की पावसाळ्यातले गिऱ्हाईकही आटते. यास्तव ऋतूचे उपाहारगृह लहानच असावे. पंचवीस-तीस पाने, सात-आठ पदार्थ, आणि यादी छापील नको. भिंतीवर काळा फळा लावून रोज खडूने लिहावी. शाळांतून हद्दपार होऊ घातलेला फळा अशा ठिकाणी मानाने नांदतो, हे ऐकून आम्हांस संतोष झाला.

शिक्षणाची सोय पुढीलप्रमाणे आहे. दादरची हॉटेल व्यवस्थापन संस्था 1954 साली निघाली. या विषयातील ती देशातील पहिली. बारावीनंतर अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा देऊन तेथे पदवीचा अभ्यासक्रम करिता येतो. ज्यांस ते शक्य नाही त्यांनी नाउमेद होऊ नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसायांत दहावीनंतरचा एक वर्षाचा ‘फूड प्रॉडक्शन’ हाही एक आहे. त्यानंतर मोठ्या मुदपाकखान्यात ‘कॉमी’ म्हणून लागावयाचे, म्हणजे कांदे सोलावयाचे. मग एका चुलीचा प्रमुख, मग ‘सू शेफ’ म्हणजे उपप्रमुख, मग शेफ. बारा-बारा तास उभे राहावे लागते, हात भाजतात, आणि जग दिवाळी करीत असता हा मनुष्य शेगडीपुढे असतो. आमचा विद्यार्थी सात वर्षांत एकदाही लक्ष्मीपूजनास घरी आलेला नाही. हे सारे ऐकूनही ज्याचे मन हटले नाही, त्यास अडवू नये.

मुलींविषयी एक शब्द. घरात रांधणे हे बाईचे कर्तव्य आणि बाहेर रांधून पैसे मिळविणे हा पुरुषाचा व्यवसाय, ही वाटणी कोणी केली? मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांस डबे घालणाऱ्या खाणावळवाल्या बायाच होत्या. त्या सावकाराच्या व्याजात बुडत होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांस बँकेचे कर्ज मिळवून दिले. भांडवल मिळाले, तसा त्यांच्या हातच्या चवीला धंद्याचा मान आला.

भांडवल म्हटले की आपल्या तालुक्यांतील जमिनीची गोष्ट निघतेच. द्रुतगती मार्ग झाला, शेतघरे आली, भाव चढले, आणि आपल्यापैकी कित्येकांनी वडिलोपार्जित शेते विकली. पैसा आला, गाडी आली, लग्ने थाटात झाली. आणि आज त्याच शेतावर उभ्या असलेल्या विश्रामगृहात आपला मुलगा फाटकावर रखवालीस आहे. आम्ही कोणास दोष देत नाही. भात कोणास परवडते, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु उरलेल्या एक-दोन एकरांत स्वतःचे भात, स्वतःचा वाल, आणि रस्त्याच्या कडेस दोन गुंठ्यांवर स्वतःची तीस पाने, असा हिशेब मांडून पाहावा. ज्या शेतातला तांदूळ तेच शेत खिडकीतून दिसावे, यासाठी शहरातले लोक पैसे मोजतात. ते शेत विकल्यावर मात्र दाखवावयास काय उरणार?

खालापूरच्या त्या वडिलांस आम्ही एवढेच सांगितले की, मुलास परीक्षेस बसू द्या आणि रस्त्याकडची जमीन पाच वर्षे विकू नका. त्यांनी पहिले मान्य केले आहे. दुसऱ्याचा विचार चालू आहे.

मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. शिष्यवृत्ती निधीच्या नियमांत ‘पदवी अथवा पदविका’ एवढेच शब्द आहेत. त्यांत ‘औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील व्यवसाय’ हे शब्द वाढवावे, म्हणजे स्वयंपाक शिकणाऱ्या मुलामुलींचे अर्ज फेटाळण्याचे कारण राहणार नाही. दुसरी सूचना भोजनाची. पुढील वर्षीचा स्नेहमेळावा पौषात घ्यावा, कंत्राट न देता प्रत्येक वाडीतून एकेक पदार्थ यावा, वालाच्या शेंगा व शिजविण्याचे काम आपल्याच तरुणांकडे द्यावे, आणि पोपटीचे मडके सभागृहामागील मोकळ्या जागेत लावावे. भांबुर्ड्याचा पाला आणण्याचे आम्ही पत्करतो. खर्चाचा अंदाज खजिनदारांनी करून ठेवावा.